वाशी लोकल, पनवेल लोकल आणि तीन गोल

बँक क्लार्कच्या प्रिलिम्सला, म्हणजे पहिल्या चाळणी परीक्षेला, रीझनिंगचे ३५ प्रश्न असतात आणि वेळ २० मिनिटं. त्यातले साधारण तीन ते पाच सिलॉजिझमचे, म्हणजे वर दोन-तीन विधानं देतात, खाली निष्कर्ष, आणि कुठला निघतो कुठला नाही ते सांगायचं. सगळे म्हणतात हे फुकटचे मार्क आहेत. असतीलही, मला काही फुकट मिळाले नाहीत. ज्यांचं कॉमर्स झालंय आणि गणिताशी संबंध आता फक्त जीएसटीच्या टक्क्यांपुरता उरलाय अशा माझ्यासारख्यांना उपयोग होईल म्हणून लिहितेय.

मी राहते ठाणे पूर्वेला, कोपरीत. नोकरी रबाळ्याला, अकाउंट्सची. घरी धाकटी नणंद पण बँकेचाच अभ्यास करतेय, ती फुलटाइम, मी ऑफिस आणि स्वयंपाक यांच्या मधल्या फटीत. जेवणं आवरली की डायनिंग टेबलवर एका बाजूला ती, एका बाजूला मी, आणि मध्ये ऑफिसमधून आणलेले एका बाजूने कोरे प्रिंटाउट, रफ कामाला.

आधी मी स्टेशनजवळच्या एका क्लासला वीकेंड बॅच लावली होती. तिथे सिलॉजिझमला एक तक्ता पाठ करायला दिला, ऑल अधिक ऑल बरोबर ऑल, ऑल अधिक नो बरोबर नो, सम अधिक ऑल बरोबर सम, ऑल अधिक सम बरोबर काहीच नाही, असा. तक्ता चुकीचा नाहीये हं. दोन सरळ विधानं असली आणि मधला शब्द, म्हणजे दोन्ही विधानांत येणारा, बरोबर जागी आला की झटकन उत्तर येतं. पण विधानं उलटसुलट दिली की आधी ती फिरवून घ्यायची, मग तक्त्यात बसवायची, आणि तेवढ्यात मी विसरायचे की नक्की काय फिरवलं. त्यात निष्कर्षात 'शक्यता आहे' असा शब्द आला की तक्ता गप्प. सरांना विचारलं तर म्हणाले पॉसिबिलिटीला गोलच काढायचे. मग मी म्हटलं शेवटी गोलच काढायचेत तर पहिल्यापासून तेच काढू ना, तक्ता कशाला डोक्यात घालून ठेवायचा.

गोल काढायला काय, शाळेत संच शिकताना काढलेत सगळ्यांनीच. सगळे अ ब आहेत म्हणजे अ चा छोटा गोल ब च्या मोठ्या गोलात. काही अ ब आहेत म्हणजे दोन गोल एकमेकांत थोडे घुसलेले. एकही अ ब नाही म्हणजे दोन गोल लांब लांब, आणि मध्ये मी एक आडवी फुली मारते म्हणजे नंतर चुकून जवळ आणायचे नाहीत हे लक्षात राहतं. काही अ ब नाहीत हे चौथं, त्यात अ चा एक तुकडा ब च्या बाहेर आहे एवढंच पक्कं, बाकीचा कुठे आहे ते सांगितलेलं नसतं. झालं, एवढीच चार वाक्यं आहेत सगळ्या टॉपिकमध्ये.

खरी अडचण गोल काढल्यावर सुरू होते. तुम्ही एक चित्र काढता आणि ते चित्र म्हणजेच उत्तर असं डोकं धरून बसतं.

हे मला नणंदेने आमच्या रोजच्या गाडीवर समजावलं. तिने कागदावर लिहिलं, ठाण्याहून सुटणाऱ्या सगळ्या वाशी लोकल ऐरोलीला थांबतात. ठाण्याहून सुटणाऱ्या सगळ्या पनवेल लोकल ऐरोलीला थांबतात. निष्कर्ष, काही वाशी लोकल पनवेल लोकल आहेत. बोल वहिनी, निघतो का? मी म्हटलं काहीतरीच काय, तुर्भ्यानंतर वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते आणि पनवेलची जुईनगरकडे, एकच गाडी दोन्हीकडे कशी जाईल. ती म्हणाली बघ, आता तुला कोणी फसवू शकत नाही कारण तू रोज नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर उभी असतेस, पण हेच मी सगळ्या चमच्या ढग आहेत, सगळ्या चपला ढग आहेत असं दिलं असतं तर तू दोन गोल एकमेकांत घुसवले असतेस आणि म्हणाली असतीस, हो, काही चमच्या चपला आहेत, दोन्ही ढगातच तर आहेत.

बरोबर होतं तिचं. ऐरोलीच्या मोठ्या गोलात वाशीचा गोल आणि पनवेलचा गोल दोन्ही आत आहेत, पण आत असून एकमेकांना शिवायलाच पाहिजेत असं कोण म्हणालं. विधानात म्हटलेलं नाही. शिवतीलही, नाही शिवणारही. तुम्ही शिवलेले काढले तर तो तुमचा हात शिवला, विधान नाही.

हेच मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या टेबलवालीला सांगायला गेले, ती मानखुर्दहून येते. ती म्हणे, अगं पनवेल लोकल वाशीवरूनच तर जाते, मी रोज बघते. तिचंही खरंच, सीएसएमटीवरून येणारी पनवेल लोकल वाशी, सानपाडा करतच पुढे जाते. आमचं बोलणं ठाण्याहून सुटणाऱ्या गाड्यांपुरतं होतं आणि तिचं हार्बर लाइनच्या, म्हणजे सीएसएमटीहून येणाऱ्या गाड्यांचं. पुस्तकात गोलांच्या बाहेर जो चौकोन काढलेला असतो ना, तो मला त्या दिवशी पहिल्यांदा कामाचा वाटला. आपण कशाबद्दल बोलतोय त्याची ती हद्द असते. तोपर्यंत मला वाटायचं चित्र छान दिसावं म्हणून काढतात.

तर नणंदेची पद्धत अशी, आणि आता माझीही तीच झालीये. आधी विधानांचं सगळ्यात कंजूष चित्र काढायचं, म्हणजे जेवढं सांगितलंय तेवढंच जोडायचं, एक रेघ जास्त नाही. मग एकेक निष्कर्ष घ्यायचा आणि विधानं न मोडता तो खोटा पाडायचा प्रयत्न करायचा. विधानं खरी राहतात आणि निष्कर्ष खोटा पडतो असं एक जरी चित्र काढता आलं तरी तो निष्कर्ष गेला. कितीही ओढाताण केली तरी खोटा पडतच नसेल तर तो निघतो. म्हणजे निष्कर्ष सिद्ध करायला बसायचंच नाही, भांडायला बसायचं त्याच्याशी. मला हे बरं जमतं.

एक सगळं करून दाखवते. विधानं अशी: सगळ्या खुर्च्या पंखे आहेत. काही पंखे छत्र्या आहेत. एकही छत्री घड्याळ नाही. कंजूष चित्र म्हणजे पंख्याचा मोठा गोल, त्यात डावीकडे खुर्चीचा छोटा गोल, उजवीकडून छत्रीचा गोल पंख्यात थोडासा घुसलेला पण खुर्चीला न लागलेला, आणि घड्याळाचा गोल पार बाहेर, छत्री आणि घड्याळाच्या मध्ये फुली.

पहिला निष्कर्ष, काही खुर्च्या छत्र्या आहेत. चित्रातच नाहीयेत, गेला. दुसरा, एकही घड्याळ पंखा नाही. चित्रात तसं दिसतंय खरं, घड्याळ बाहेरच उभं आहे, पण मला ते पंख्यात सरकवायला कोणी अडवलंय का? छत्रीपासून लांब राहून पंख्यात घुसू शकतं, विधानं मोडत नाहीत, म्हणजे हा पण गेला. तिसरा, काही पंखे घड्याळं नाहीत. आता खोटा पाडायचा म्हणजे सगळे पंखे घड्याळाच्या गोलात कोंबायला हवेत. कोंबायला गेलं की पंख्याचा जो तुकडा छत्रीत आहे तो पण घड्याळात जातो आणि तिथे फुली आहे. नाही जमत. म्हणजे हा निघतो. चौथा, सगळ्या खुर्च्या घड्याळं असण्याची शक्यता आहे. इथे काम उलटं, शक्यता विचारली की खोटं पाडायचं नाही, एक तरी चित्र काढता येतं का एवढंच बघायचं. घड्याळाचा गोल पंख्यात घुसवून खुर्चीवर टोपलीसारखा पालथा घातला, छत्रीला लागत नाही, जमलं. म्हणजे हा पण निघतो.

पॉसिबिलिटीचा जो बाऊ होता तो एवढाच निघाला. नेहमीच्या निष्कर्षाला सगळी चित्रं साक्षीला लागतात, शक्यतेला एक पुरतं.

यातून आयदर-ऑर पण आपोआप सुटतं, म्हणजे ज्यांचं उत्तर 'पहिला किंवा दुसरा' असं येतं ते प्रश्न. ते क्लासमध्ये वेगळं प्रकरण म्हणून शिकवलं होतं, त्याच्या अटी वेगळ्या, पाठ करायच्या. समजा विधानं आहेत, सगळी पेनं डबे आहेत, काही डबे पिशव्या आहेत. निष्कर्ष एक, काही पेनं पिशव्या आहेत. निष्कर्ष दोन, एकही पेन पिशवी नाही. पिशवीचा गोल पेनापासून लांब ठेवला की पहिला पडतो, पेनावर सरकवला की दुसरा पडतो. दोन्ही वेगवेगळे पडले. पण दोन्ही एकाच वेळी पडतील असं चित्र काढून दाखवा, नाही काढता येत, कारण गोल एक तर शिवतो नाही तर शिवत नाही. म्हणून उत्तर, पहिला किंवा दुसरा. तसंच 'सगळे' आणि 'काही नाहीत' या जोडीचं. फक्त दोन्ही निष्कर्षांत तीच दोन नावं पाहिजेत, आणि दुसऱ्या जोडीत त्याच क्रमाने पाहिजेत, हे नीट बघायचं. एकात पेन-पिशवी आणि दुसऱ्यात पेन-डबा असं करून ठेवतात मुद्दाम.

आता 'काही'चं बघा. क्लार्कच्या परीक्षा मराठीतूनही घ्याव्यात असं अर्थ मंत्रालयाने २०२१ मध्ये ठरवलं, मी मराठीच भाषा घेतली होती, आणि मराठीत आपल्याला सवय अशी की 'काही मुलं पास झाली' म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो मग नापास किती. इथे तसं नाही. इथे काही म्हणजे निदान एक, आणि सगळी असली तरी वाक्य खरंच. चित्रात गोल थोडे घुसलेले काढतो म्हणून बाहेरचा तुकडा आहेच असं वाटत राहतं, तो असेलच असं नाही. मी यावर उपाय म्हणून 'काही'च्या गोलाची बाहेरची बाजू तुटक रेघेने काढायला लागले. पक्कं तेवढं सरळ रेघेने, बाकी तुटक. नणंदेला वेळ जातो असं वाटतं, ती नाही काढत, मला तर त्यानेच शांत वाटतं.

आणि हे पक्कं होतंय तोवर 'ओन्ली अ फ्यू' समोर येतं. ओन्ली अ फ्यू डबे पिशव्या आहेत म्हणजे काही डबे पिशव्या आहेत आणि काही डबे पिशव्या नाहीत, दोन्ही पक्कं. इथे तुटक रेघ चालत नाही, डब्याचा एक तुकडा बाहेर असायलाच हवा. त्यामुळे सगळे डबे पिशव्या असण्याची शक्यता, बाद. पण सगळ्या पिशव्या डबे असण्याची शक्यता? ती आहे! पिशवीचा अख्खा गोल डब्याच्या आत ठेवा, डब्याची जागा बाहेर उरतेच. या एका प्रश्नावर आम्ही दोघी एका रात्री इतकं बोलत बसलो की नवरा उठून पाणी प्यायला आला आणि कागद बघून परत गेला.

एका मॉक टेस्टमध्ये विधान होतं सगळे अ ब आहेत आणि निष्कर्ष काही अ ब आहेत, उत्तर 'निघतो'. मला वाटलं, आणि अ मुळात नसतीलच तर? नणंद म्हणे, असतातच, परीक्षेत कुठलाही गोल रिकामा नसतो, पुढे चल. मला काही झोप येईना. मोबाईलवर वाचत बसले तर मजाच निघाली. या गोलांना वेन आकृती म्हणतात ना, तो जॉन वेन हा इंग्रज तर्कशास्त्रज्ञ, केंब्रिजचा, १८३४ ते १९२३. त्याने ही आकृत्यांची पद्धत १८८० मध्ये एका लेखात मांडली. पण गोलात गोल काढायची युक्ती त्याच्या आधीची, ऑयलर नावाच्या स्विस गणितज्ञाने एका जर्मन राजकन्येला शिकवणीची पत्रं लिहिली होती त्यात ते गोल आहेत, ती पत्रं १७६८ पासून छापून आली. आणि आपण परीक्षेत जे काढतो, छोटा गोल मोठ्यात, लांबलांबचे गोल, ते खरं तर ऑयलरचेच. वेनचं वेगळं. वेन सगळे गोल नेहमी एकमेकांत घुसलेलेच काढतो, तीन गोलांचे मिळून बाहेरचा धरून आठ भाग, आणि जो भाग रिकामा आहे तो काळा करतो. सगळे अ ब आहेत म्हणजे त्याच्या मते ब च्या बाहेर राहिलेला अ चा भाग रिकामा, एवढंच. आतल्या भागात कोणी आहे असं तो म्हणतच नाही. म्हणजे माझी शंका बरोबर होती, वेनसाहेबांनी ते मॉक दिलं असतं तर तो प्रश्न 'निघत नाही' करून चुकीच्या उत्तराचा पाव मार्क घालवून आले असते. सकाळी नणंदेला सांगितलं तर म्हणाली, वेनला नोकरी होती वहिनी.

पण वेनची काळं करायची पद्धत मी तीन नावांच्या अडलेल्या प्रश्नांना घरी वापरून बघितली आणि ती फार स्वच्छ आहे, कुठला भाग मेला आणि कुठला जिवंत आहे ते डोळ्याला दिसतं, दुसरं चित्र काढावंच लागत नाही. परीक्षेत मात्र नाही परवडत. चार नावं आली की सोळा भाग लागतात आणि चार साधे गोल कसेही ठेवा, सोळा होतच नाहीत, वेनने स्वतः त्यासाठी लंबगोल घेतले होते. वीस मिनिटांत लंबगोल कोण काढत बसणार.

वेनची आकृती जशीच्या तशी लागते ती आकड्यांच्या गणितांना. ही बँकेपेक्षा सरळसेवा भरतीवाल्यांच्या पुस्तकांत जास्त दिसतात. समजा सोसायटीत १०० घरं. पेपर ४८ घरी येतो, केबल ४० घरी, ब्रॉडबँड ६० घरी. पेपर आणि केबल १८, केबल आणि ब्रॉडबँड २२, पेपर आणि ब्रॉडबँड २६, तिन्ही १०. काहीच नाही अशी घरं किती? इथे मधून सुरुवात करायची, पोटात १० लिहायचे. मग १८ मधून ते १० काढून ८, तसंच १२, तसंच १६. कारण १८ घरांत पेपर आणि केबल आहे म्हणताना त्यातल्या काहींकडे ब्रॉडबँडही असू शकतं, ती १० घरं त्यातच मोजलेली आहेत. मग फक्त पेपर १४, फक्त केबल १०, फक्त ब्रॉडबँड २२. सातही भागांची बेरीज ९२, उरली ८ घरं. प्रश्नात 'फक्त पेपर आणि केबल' दिलं असेल तर तो आकडा थेट त्या पाकळीत, वजाबाकी नाही, आणि प्रश्न काढणारा नेमका तिथेच टपून बसलेला असतो. अकाउंट्सवालीला हा प्रकार सोपा गेला, एकच एंट्री दोनदा पडलीये का हेच तर आम्ही दिवसभर बघतो.

वेळेचं सांगायचं तर सुरुवातीला एका सेटला मला इतका वेळ लागायचा की त्यात नणंदेचं एक अख्खं पझल व्हायचं. वेग आला तो गाडीत. पेन-कागद काढायला जागा नसते, ठाण्याहून बसायला मिळालं तरी मांडीवर दुसऱ्यांच्या पिशव्या, म्हणून मोबाईलवर प्रश्न वाचून गोल डोक्यातच ठेवायचे, रबाळं यायच्या आत निष्कर्षांचा निकाल लावायचा. सगळे नाही लागायचे. पण कंजूष चित्र डोक्यात धरून ठेवायची सवय झाली आणि मग कागदावर हात पटापट चालायला लागला. परीक्षेत नावं पूर्ण लिहीत बसायचं नाही हे पण तिथेच लागलं, पहिलं अक्षर पुरतं, फक्त पेन आणि पेटी एकाच प्रश्नात आले की दोन प होतात, तेव्हा दुसऱ्याला काना-मात्रेसकट लिहायचं.

प्रिलिम्सचं सेंटर नवी मुंबईतच आलं होतं. रफ कामाचा कागद तिथे देतात, मी आधीच त्याचे चार कप्पे पाडून घेतले. सिलॉजिझमचे प्रश्न मी पझलच्या आधी घेतले, एक ओन्ली अ फ्यू होताच, एक आयदर-ऑर, बाकी साधे. एका निष्कर्षाशी जरा जास्त भांडले, पडेना, मग 'निघतो' करून पुढे गेले. प्रिलिम्स निघाली, माझी आणि नणंदेची पण.

आता मेन्स, म्हणजे पुढची मुख्य परीक्षा. मेन्सच्या सरावाला उलटे सिलॉजिझम येतायत, म्हणजे निष्कर्ष दिलेले आणि पाच पर्यायांत विधानांचे पाच संच, कुठल्या संचातून हे निष्कर्ष निघतात ते शोधा. कंजूष चित्र काढायचं तर पाचदा काढावं लागेल. नणंद म्हणते त्यातला 'एकही नाही'वाला निष्कर्ष आधी धर, ज्या संचात 'एकही नाही' असं विधानच नाही तो काट, सगळं होकारी असलं तर नकार कुठून येणार. त्याने दोन-तीन पर्याय तरी उडतात बऱ्याचदा. उरलेल्यांना गोलच. त्यातही काही सेटमध्ये शब्दांऐवजी चिन्हं देतात, ॲट द रेट म्हणजे सगळे, हॅश म्हणजे काही, असं, ते आधी उलगडून लिहायचं की चिन्हावरूनच थेट गोल काढायचा यावर आमचं दोघींचं अजून ठरलेलं नाही. मी उलगडून लिहिते.